चहात बुडवलेली वर्षं

घारबाईला कुणी विचारलं असतं, की बाई, जन्माला येऊन काय मिळवलंस, तर तिने सांगितलं असतं, माझ्या घरात कधी कुणी उपाशी झोपलं नाही. खरं तर न विचारताही ती हे सांगायची. नळावर, जिन्यात, दळणाच्या रांगेत, जिथे दोन बायका उभ्या दिसतील तिथे. सांगताना मान जराशी वर व्हायची, आणि ऐकणारी मनात म्हणायची, झालं हिचं सुरू.

पण तिला तो अभिमान मिरवायचा हक्क होता. ती ज्या घरातून आली तिथे संध्याकाळी जेवणाची वेळ झाली की आई मुलांना झोपवून टाकायची. झोपलं की भूक कळत नाही, असं त्या घरातलं शास्त्र. उन्हं असतानाच अंथरुणं पडायची. गल्लीतली बाकीची पोरं बाहेर धुडगूस घालत असायची आणि ही भावंडं डोळे मिटून तो आरडाओरडा ऐकत पडलेली. त्या अंथरुणात तिने स्वतःशी एक ठरवून टाकलं होतं. लग्नाच्या बोहल्यावरही तिच्या डोक्यात नवऱ्याआधी तेच होतं, की आपल्या पोरांना आपण उजेडी झोपवणार नाही.

नवरा रंगकाम करायचा. काम असलं की कपड्यांवर रंग, नसलं की चेहऱ्यावरचा उडालेला, आणि नसण्याचेच दिवस जास्त. म्हणून थोरली पोटातून बाहेर येऊन बसायला लागते न लागते तोच ती बिस्किटांच्या कारखान्यात लागली. भट्टीतून निघालेली बिस्किटं रांगा धरून पट्ट्यावरून यायची, आणि दोन्ही बाजूंना उभ्या बायका त्यातली फुटकी, करपलेली, वाकडी बिस्किटं उचलून खालच्या पिंपात टाकायच्या. हिची नजर अशी, की केसाएवढा तडा गेलेलं बिस्कीटही पुढे सुटायचं नाही. मुकादमबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाली, ही बाई आहे का घार. तेव्हापासून ती घारबाई. पुढे घरच्यांनाही तिचं दुसरं काही नाव असल्याचा विसर पडला.

पिंपातल्या मालाला कारखान्यात ‘तुकडा’ म्हणत. आठवडा संपला की तो तुकडा बायकांत वाटून दिला जायचा, जिची तिची पिशवी भरून. बायका तेवढ्यासाठी तिथे टिकून होत्या म्हटलं तरी चालेल. आणि तुकडा कमी पडेलसं वाटलं, तर तो वाढवायची विद्याही त्यांच्यापाशी होती. बिस्कीट उचलताना अंगठा कडेवर जरासा दाबायचा, कड उडते. झालं, सापडलं फुटकं. घारबाई त्यात पटाईत. थोरलीची शाळेची परीक्षा असली की त्या आठवड्यात मलईच्या बिस्किटांना फार तडे जायचे. मुकादमबाईला कळत नव्हतं असं नाही. ती नुसती म्हणायची, “परीक्षा आली वाटतं पोरीची.” आणि पुढे सरकायची.

अशी घरात बिस्किटं आली ती आलीच. सकाळी चहा-बिस्किटं. दुपारी भात आणि त्यावर पातळसं काहीतरी, ज्यात भाजी शोधावी लागे. संध्याकाळी परत चहा-बिस्किटं. मुली तान्ह्या असताना तुकडा पाण्यात कुस्करून त्याचीच लापशी. पाहुणा आला तर बिस्कीट, कुणी रुसलं तर बिस्कीट, तापातून उठलं तरी बिस्कीट. सासूबाईंचे दात पडलेले, त्यांना ते चहात बुडवलेलं बरं पडायचं, तरी बोलायच्या, “हिच्या घरात उंदीरसुद्धा चहाची वाट बघत बसतो, कोरडं खात नाही.”

घारबाई ते हसून सोडून देई. बिस्किटात काय असतं ते तिला ठाऊक होतं. मैदा, साखर, तेल. दुधाच्या बिस्किटात दूध नसतं, दुधाच्या वासाची बाटली असते, ती ओतणारा माणूस रोज तिच्यासमोरून जायचा आणि त्याच्या अंगालाही तोच गोड वास यायचा. पाकिटावर दंड फुगवलेला मुलगा छापलेला असे. त्याला बघून बायका हसायच्या, ह्याला कुठल्या कारखान्याचा तुकडा मिळतो कुणास ठाऊक. तिची कुणी फसवणूक केली होती अशातला भाग नाही. पण संध्याकाळी डबा उघडला की तो भरलेला असे, मुलींची पोटं भरत, आणि त्या दिवे लागल्यावर झोपत. यापलीकडे बघायला तिला सवड नव्हती.

थोरली चांगली गुटगुटीत. गाल भरलेले, मनगटं गोल. लोक म्हणत, पोरगी खात्यापित्या घरची दिसते, आणि घारबाईच्या अंगावर मूठभर मांस चढे. पोरगी जरा गोरी आहे असंही म्हणत. आता तिची आई सावळी, बाप त्याहून सावळा, मग हिचा हा पांढुरका रंग आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. दोन जिने चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची. आळशी आहे, आजी म्हणायची. शाळेत खडू खायची; बाईंची तक्रार आली तेव्हा घारबाईने तिला दोन धपाटे घातले, की घरी डबा भरून बिस्किटं असताना खडू खातेस, लोक काय म्हणतील. भिंतीचा पोपडाही खायची, पण ते तिने लपवायला शिकून घेतलं.

अभ्यासात मात्र हुशार. पाठ्यपुस्तक घेऊन पेंगायला लागायची, मान टाकायची, परत उठून वाचायची. शाळा संपली आणि मोठ्या रुग्णालयाच्या परिचारिका-प्रशिक्षणात तिची निवड झाली. वसतिगृहात राहायचं, तीन वेळचं जेवण तिथलं, शिकतानाच थोडे पैसे हातात, आणि शिकून झालं की नोकरी जवळजवळ ठरलेली. घारबाईने ही बातमी जिन्यातून वर येईपर्यंत प्रत्येक दारात सांगितली. सगळ्यांत जास्त तिला भावलं होतं ते तीन वेळचं जेवण. रोज दुपारी ताटात अंडं असतं म्हणे, थोरली म्हणाली होती. रोज का, म्हणून तिने दोनदा विचारून घेतलं.

शरीर-तपासणीत गाडं अडलं. पोरीच्या अंगात रक्त फार कमी निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईने आधी थोरलीची पापणी खाली ओढून पाहिली, मग नखं पाहिली, मग तिच्या गोल मनगटाकडे पाहिलं आणि आईला विचारलं, घरी काय खाता. घारबाईने मान वर करून सांगितलं, आमच्यात खाण्याची कधी ददात नाही, कधी कुणी उपाशी झोपत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली, ते झालं, पण खाता काय. मग तिने सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच ते सगळं तिच्या स्वतःच्या कानावर पडलं आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

डॉक्टरीणबाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सांगितलं, पोट भरलं म्हणजे अंगाला मिळालं असं नाही, आणि जागा दोन महिने राखून ठेवते, तोवर रक्त वाढलं पाहिजे. फेरतपासणी कडक असते. रुग्णाला उचलता उचलता परिचारिकाच खाली पडली तर कसं चालेल. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर रांग एवढी होती, की डॉक्टरीणबाईचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढची पोरगी आत येऊन उभी राहिली. औषधांच्या खिडकीतल्या माणसाने पाकिटं सरकवली आणि वर न बघता म्हणाला, रोज एक, खाऊन झाल्यावर.

तिने ते मंत्रासारखं पाठ केलं. रोज एक, खाऊन झाल्यावर.

त्या दोन महिन्यांत घारबाईने जे केलं ते बघून सासूबाईंनीसुद्धा तोंडाचा पट्टा थोडा आवरला. खालच्या मजल्यावर अंडीवाली राहायची, तिच्या घरात पोरांचं लेंढार. तिच्याशी हिने ठरवलं, माझ्या पिशवीतला अर्धा तुकडा तुला, आणि त्याबदल्यात अंडी. अंडीवालीला सौदा पसंत पडला. अंडी आपली पोरं खातात, त्यापेक्षा बिस्किटांवर राहिली तर अंडी विकायला उरतील, असा तिचा सरळ हिशेब. त्या घरातली अंडी वर आली आणि बिस्किटं खाली गेली, पण त्यात काही वावगं होतंय हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

बाजार उठताना भाजीवाल्या जुड्यांचा बाहेरचा पाला टाकून देतात, तो ती वेचून आणायला लागली. खाटकाकडून कधी काळजाचा तुकडा मागून आणी. हे सगळं एकट्या थोरलीसाठी. ती ताटावर बसली की धाकटी समोर येऊन बसे आणि अंड्याकडे बघत राही. मग थोरली घास हातातच धरून बसे. शेवटी घारबाईने मधल्या दारावर जुनी चादर बांधली आणि थोरलीला तिच्या आड जेवायला बसवलं. धाकटी चादरीच्या अलीकडे बसून विचारायची, ताई, पिवळं खाल्लंस का. आजीने एकदा तिला मागे ओढलं आणि म्हणाली, तुझी ताई शिकून आली की तुला पिवळ्याचं कालवण करून घालील, आता गप. आणि स्वतःच्या वाटची बिस्किटं तिच्या हातात दिली. घारबाईने ते चादरीच्या फटीतून पाहिलं. आपण दुपारचं जेवत नाही हे मात्र तिने कुणाला पाहू दिलं नाही. कारखान्यात जेवले म्हणायची.

गोळी थोरलीला सोसेना. तोंडात किल्ली चोखल्यासारखी चव येते म्हणायची. पहिले दोन दिवस पाण्याबरोबर घेतली आणि मोरीत जाऊन उलटी काढली. तिसऱ्या दिवशी ती परत पाण्याचा तांब्या घेऊन बसली. थोड्या दिवसांनी सवय होईल म्हणाली. घारबाईला अंड्याची काळजी लागली. एवढ्या कष्टाने पोटात घातलेलं अंडं परत मोरीत गेलं तर? तिने तांब्या काढून घेतला आणि चहा टाकला. साधा नाही, चांगला कडक, उकळून उकळून लाल केलेला, वर खरं दूध, साखर सढळ. त्या घरात तसा चहा पाहुण्यांनाही मिळाला नव्हता. त्याबरोबर गोळी बिनबोभाट उतरली. मळमळही झाली नाही.

मग तेच ठरून गेलं. चादरीच्या आड अंडं, पाला, त्यावर गोळी आणि वर तो चहा. थोरली एकदा म्हणाली, आज पाण्याबरोबर घेऊन बघू का, आता सवय झाली असेल. आई म्हणाली, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची. आणि पोरगी कप रिकामा करेपर्यंत समोर उभी राहिली. रोज. कारखान्याला उशीर झाला तरी, मुकादमबाईची बोलणी खाल्ली तरी.

पुढे पुढे पोरीच्या तोंडावर लाली दिसायला लागली. निदान आईला दिसली. आजीने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि दुजोरा दिला. थोरली म्हणायची, जिना चढताना अजून दम लागतो. पण तिचं कोण ऐकतंय. बापाने रंगाच्या उरलेल्या डब्यातून तिची पत्र्याची पेटी निळी रंगवून दिली. फेरतपासणी झाली की तिथूनच वसतिगृहात जायचं होतं, म्हणून पेटी सोबतच घेतली. धाकटी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून विचारत होती, आता ती चादर काढायची ना.

रुग्णालयात आधी बाहेरच्या बाकावर बसवलं. त्या बाकावर दुसऱ्या टोकाला एक मुलगी आपल्या बापाबरोबर बसली होती. तिची पिशवी मांडीवर होती. प्रतीक्षायादीतली पहिली. ती थोरलीच्या पेटीकडे बघत नव्हती आणि थोरली तिच्या पिशवीकडे.

रक्त घेणारी बाई पोक्त होती, बोलकी होती. तपासून झालं तशी तिने कपाळाला आठ्या घातल्या. जरा वाढलंय, म्हणाली, पण नावापुरतं. गोळ्या घेतल्या ना? घारबाई म्हणाली, एक चुकवली नाही, मी समोर उभी राहून दिल्या. खाणं? अंडी, पाला, काळीज, सगळं. त्या बाईला कोडं पडलं. तिने सहज विचारावं तसं विचारलं,

“गोळी कशाबरोबर घेत होतीस गं?”

थोरली आईकडे बघायला लागली. घारबाईनेच उत्तर दिलं, जरा कौतुकानेच, की चहाबरोबर, चांगल्या दुधाच्या, पोरीला नुसती सोसत नव्हती ना.

“अरे देवा. अहो बाई, चहाने गोळी वाया जाते. अंडं, पालासुद्धा. पाण्याबरोबर घ्यायची ती. सांगितलं नव्हतं का तुम्हाला कुणी?”

घारबाईला खिडकीतल्या माणसाचा डोक्यावरचा विरळ भांग आठवला. तेवढंच दिसलं होतं त्याचं. रोज एक, खाऊन झाल्यावर. तो खोटं काहीच बोलला नव्हता.

डॉक्टरीणबाईला ती भेटली. हात जोडले, आणखी एक महिना मागितला, सांगितलं, चूक माझी आहे, पोरीची नाही. डॉक्टरीणबाईने ऐकून घेतलं. खुर्ची पुढे सरकवली, पाणी दिलं. म्हणाली, वर्ग सुरू झालेत, जागा रिकामी ठेवता येत नाही, पुढच्या वर्षी पहिल्यापासून अर्ज करा. बाकावरच्या मुलीला आत बोलावलं गेलं. तिचा बाप उठताना घारबाईसमोर ओशाळं हसला आणि त्याने तिच्या पेटीला पाय लागू नये म्हणून वळसा घेतला.

येताना पेटी दोघींनी दोन बाजूंनी धरली होती. वाटेत घारबाई सारखी बोलत राहिली. आपल्यासारख्यांना कोण सांगतं, त्या खिडकीवाल्याचं तोंड का शिवलं होतं, सरकारला गोळ्या वाटता येतात, दोन शब्द वाटता येत नाहीत. बोलता बोलता थांबली, पोरगी काहीतरी म्हणेल म्हणून. तिला शिव्या हव्या होत्या. थोरलीने जिन्याच्या पायथ्याशी पेटी खाली ठेवली, दम खाल्ला आणि शांतपणे म्हणाली,

“तू नीट लक्ष दिलं नसतंस ना आई, तर मी पाण्याबरोबरच घेतली असती.”

तिने हे टोचून म्हटलं नव्हतं. हिशेब जुळवून बघावा तसं म्हटलं आणि पेटीची कडी परत हातात धरली. घारबाईला त्या दिवशी वर चढताना पहिल्यांदा कठडा धरावा लागला.

घरात ते कळलं. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की आम्ही जन्मभर चहा प्यायलो, चहाने कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नव्हतं; आणि नेहमीसारखं बिस्कीट बुडवलं. पुढे थोरलीने उरलेल्या गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. मळमळ सोसली. काही महिन्यांनी तिच्या नखांना रंग आला, खडूची आठवण येईना, जिना एका दमात चढायला लागली. रक्त भरलं. पण आता ते कुणाला दाखवायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी अर्जाच्या दिवसांत बाप शिडीवरून पडून घरी बसला होता, आणि थोरली आईबरोबर पट्ट्यावर उभी होती. कारखान्यात रक्त बघत नाहीत. नजर बघतात आणि नखं कापलेली आहेत का ते बघतात. दोन्हींत ती पास झाली. मुकादमबाई म्हणाली, घारीच्या पोटी घारच.

त्यानंतर कधीतरी कारखान्याच्या मालकांच्या डोक्यात आलं, किंवा कुणीतरी भरवलं, की बायका पट्ट्यावर चक्कर येऊन पडतात, काम थांबतं. मग डॉक्टरांची गाडी आली, बायकांची रक्तं तपासली. निम्म्याहून जास्त जणींची कमी निघाली. पाकिटावरच्या पोराचा दंड आणखी फुगवून छापायचं त्याच सुमारास चाललं होतं, म्हणून बायका खूप हसल्या. कारखान्याने गोळ्या मागवल्या आणि त्या आपल्यासमोर घ्यायला लावायचं ठरवलं, कारण घरी दिल्या तर बायका फेकून देतात असा साहेबांचा अनुभव. पट्टा चालू असताना कुणाचा हात रिकामा नसतो. हात रिकामे होतात ते एकदाच, चहाच्या सुट्टीत.

मुकादमबाई गोळ्यांचा डबा घेऊन ओळीने आली. मागून चहाची किटली. गोळी तळहातावर, कप दुसऱ्या हातात, आणि सोबत दोन बिस्किटं, अख्खी, न फुटलेली, मालकांतर्फे. घारबाईने शेजारणीचा हात धरला आणि म्हणाली, चहाबरोबर नको घेऊस, वाया जाते. ही शेजारीण नव्याने लागलेली, घरी तान्हं मूल. तिने विचारलं, मग कशाबरोबर. घारबाई म्हणाली, पाण्याबरोबर, आणि चहा नंतर कधीतरी. पलीकडच्या दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, “नंतर कधी गं घारबाई? नंतर काय तुझा नवरा आणून देणार आहे?” पाण्याचा नळ अंगणाच्या टोकाला, तिथवर जाऊन रांगेत उभं राहून परत येईपर्यंत पट्टा सुरू झालेला असतो, आणि हा चहा दुधाचा होता. शेजारणीने एकदा गोळीकडे पाहिलं, एकदा कपाकडे.

“चहा सोडला तर संध्याकाळपर्यंत उभी कशी राहू?” तिने विचारलं. थट्टेने नाही, खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून.

घारबाईने वर पाहिलं. समोर थोरली उभी होती. तिने आपली गोळी एप्रनच्या खिशात टाकली, कप तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. शेजारणीने तो रिकामा कप पाहिला. मग घंटा व्हायच्या आत उरकावं म्हणून गोळी जिभेवर ठेवली आणि वरून चहा प्यायली. तिच्या मागोमाग सगळी ओळ प्यायली. मुकादमबाईने डब्याचं झाकण लावलं आणि साहेबांच्या खोलीकडे बघून हात वर केला, की झालं, सगळ्यांनी घेतली.